जपलेला भाग गळून पडतो तेव्हा : करोनाविषाणूतला एसटूएम

शेवंती

नमस्कार मंडळी. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात वर्गात एका मुलीने प्रश्न विचारला, आणि त्याचं नीट उत्तर मला देता आलं नाही. तेव्हापासून तोच डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. कोविडच्या विषाणूचा आरएनए म्हणजे सुमारे २९,९०० अक्षरांची एक लांब ओळ. वूहानच्या मूळ नमुन्यात ती २९,९०३ अक्षरांची आहे. अक्षरं चारच : ए, यू, जी, सी. यातला बहुतेक भाग प्रथिनं बनवण्यासाठी वाचला जातो. पण सुरुवातीची २६५ अक्षरं, शेपटीची दोनशेहून अधिक अक्षरं आणि मधल्या काही जागा प्रथिनासाठी नसतात. तिथला आरएनए स्वतःवरच दुमडतो, त्याचे आकडे आणि गाठी बनतात, आणि हे आकार स्वतःच काम करतात. अशा काही जागा वेगवेगळ्या करोनाविषाणूंमध्ये जवळजवळ जशाच्या तशा सापडतात. त्यांना कॉन्झर्व्ड म्हणतात, मी वर्गात 'जपलेल्या' म्हणते.

त्यातला सगळ्यात चमत्कारिक तुकडा म्हणजे शेपटीतला एसटूएम. अवघी ४१ अक्षरं. २००३ च्या सार्सच्या विषाणूत तो आहे, कोंबड्यांच्या करोनाविषाणूत आहे, आणि करोनाशी काही नातं नसलेल्या, लहान मुलांना जुलाब करणाऱ्या अॅस्ट्रोव्हायरसमध्येही आहे! मी मुलांना रंगून सांगितलं, "जे इतकं जपलंय ते विषाणूला नक्कीच अत्यावश्यक असणार."

त्यावर ती मुलगी म्हणाली, "मॅडम, ओमायक्रॉनच्या बीए.२ मध्ये त्यातली २६ अक्षरं उडालीत असं मी वाचलं. तरी तो जगभर पसरला. मग अत्यावश्यक कसं?"

तिचं म्हणणं खरं आहे. २९,७३४ ते २९,७५९ हा पट्टा बीए.२ मध्ये नाही. आणि नंतर आलेले बीए.४, बीए.५, एक्सबीबी, जेएन.१ सगळे त्याच घराण्यातले, म्हणून त्यांच्यातही नाही.

तर प्रश्न असा : जपलेला भाग म्हणजे नेमकं काय? आणि अशा भागांवर औषधं शोधण्यात अर्थ आहे का? जाणकारांनी लिहावं, नुसत्या शंका असतील तरी लिहाव्यात.

टिपकागद

वाचतेय. वाचनखूण साठवली.

खडीसाखर

मॅडम, मी कॉमर्सवाला. प्रथिन बनत नाही तर नुसत्या आकाराचं काम काय असतं, ते जरा आमच्या भाषेत सांगा ना.

शेवंती

@खडीसाखर, प्रयत्न करते. यू आणि ए एकमेकांना चिकटतात, जी आणि सी एकमेकांना चिकटतात. ओळीत थोड्या अंतरावर एकमेकांना जुळणारी अक्षरं आली की ओळ तिथे दुमडते. केसांत खोचायचा आकडा आठवा. दोन काड्या समांतर आणि टोकाला वळण. पेशीतली यंत्रं या आकड्यांना पकडतात, अडखळतात किंवा ओळखीची खूण म्हणून वापरतात.

सोपं उदाहरण पहिल्याच आकड्याचं. विषाणूचं एनएसपी१ नावाचं प्रथिन आपल्या पेशीच्या रायबोसोमच्या तोंडात बूच मारून बसतं, म्हणजे आपल्या पेशीचे संदेश वाचलेच जाऊ नयेत. मग विषाणूचे स्वतःचे संदेश कसे वाचले जातात? तर त्यांच्या सुरुवातीला तो पहिला आकडा असतो, आणि तो असेल तर हे बूच आड येत नाही. म्हणजे आकार हाच ओळखीचा दाखला.

खडीसाखर

कळलं! चोराने सगळ्या वाड्याला कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधायची.

अमरावतीचा_वारा

मी आरटीपीसीआरच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो, विदर्भातच. फेब्रुवारी २०२१ मधले दिवस सांगतो, कारण या धाग्याशी त्यांचा संबंध आहे.

जानेवारीत काम जरा हलकं झालं होतं. फेब्रुवारीत अचानक प्लेटच्या प्लेट पॉझिटिव्ह यायला लागल्या. नुसत्या पॉझिटिव्ह नाही, सीटी १६-१७ वर. म्हणजे यंत्राला सोळा-सतरा फेऱ्यांतच विषाणू दिसत होता, नमुन्यात इतका ठासून भरलेला. आम्ही आधी स्वतःवरच शंका घेतली, कुठे तरी संसर्ग पसरला असेल म्हणून हूड दोनदा पुसला, कोऱ्या पाण्याचा कंट्रोल पुन्हा लावला. तो स्वच्छ आला. मग आम्ही गप्प झालो.

त्यातले नमुने निवडून जनुकक्रम वाचायला पाठवायचे असत. थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक, मधे गुलाबी द्रावणाच्या नळ्या, आणि नळीवरचं नाव ओलाव्याने पसरू नये म्हणून वरून पारदर्शक टेप. ती टेप मी लावायचो. पुढे २४ मार्चला केंद्राने सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन बदल एकत्र असलेला विषाणू वाढतोय, आणि पेपरांत 'डबल म्युटंट' शब्द आला. तोच बी.१.६१७. त्याचाच एक भाऊबंद बी.१.६१७.२ पुढे डेल्टा झाला.

तेव्हा सगळ्यांचं लक्ष काट्यावर, म्हणजे स्पाइकवर. एल४५२आर, ई४८४क्यू, स्पाइकमधल्या बदलांची हीच नावं तोंडी. शेवंतीताईंचा धागा वाचून आज पहिल्यांदा कळतंय की शेपटीतही काही घडत होतं.

आकडेमोड

घडत होतंच. डेल्टात २९,७४२ व्या जागी जीचा यू झाला होता. ती जागा एसटूएमच्या ४१ अक्षरांतली १५ वी. म्हणजे डेल्टाने या 'जपलेल्या' तुकड्याला मधोमध टाचणी टोचली होती, ओमायक्रॉनच्या बीए.२ ने नंतर त्याचा बराचसा भाग कापूनच काढला.

आणि त्याहीआधी, २०२० च्या मूळ विषाणूतसुद्धा हा तुकडा २००३ च्या सार्सपेक्षा दोन अक्षरांनी वेगळा होता, ५ व्या आणि ३१ व्या जागी. ३१ व्या जागी सार्समध्ये जी, कोविडमध्ये यू. म्हणजे शेवंतीताई, 'जशाच्या तसा' हे या विषाणूच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून खरं नव्हतं.

अवांतर : जीचा यू आणि सीचा यू हे दोन बदल या विषाणूत इतरांपेक्षा बरेच जास्त दिसतात. सीचा यू हा बहुधा आपल्याच पेशीतली एन्झाइमं करतात. जीचा यू होण्यामागे ऑक्सिडीकरणाने होणारी इजा असावी. १५ वी जागा काय आणि ३१ वी काय, दोन्ही जीचा यू. त्यामुळे प्रत्येक बदलामागे विषाणूचा डाव शोधू नये. काही ओरखडे नुसते वापरातून पडतात.

चौकसबुवा

पण करोनाविषाणू स्वतःच्या चुका दुरुस्त करतो असं ऐकलं होतं. मग हे ओरखडे राहतात कसे?

आकडेमोड

करतो. एनएसपी१४ नावाचं प्रथिन नक्कल तपासून चुकलेलं अक्षर कापतं. म्हणूनच इतका लांब जीनोम त्याला परवडतो. तरी एका वंशावळीत महिन्याला साधारण दोन बदल टिकून राहतात. आणि नक्कल झाल्यावर अक्षराला इजा झाली तर त्यात नक्कल तपासणारा काय करणार?

राइनकाठी

हा धागा पाहून लॉगिन केलं, दोन वर्षांनी.

मी जर्मनीत पीएचडी केली ती याच ४१ अक्षरांवर. एनएमआरवर, म्हणजे मोठ्या चुंबकाने रेणूची घडी वाचणाऱ्या यंत्रावर. तुम्हाला कल्पना यावी म्हणून सांगते, आमचा नमुना म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक काचनळीत तळाशी दोन बोटं पाणी, अगदी नितळ. त्यात आरएनए आहे हे डोळ्यांना कधीच दिसत नाही. ती नळी चुंबकात सोडायची आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस वाट पाहायची. मग पडद्यावर ठिपके उमटतात. एकेक ठिपका म्हणजे एकेक जोडी. शनिवारी रात्री इमारतीत मी एकटी आणि तो ठिपक्यांचा नकाशा. मला त्यातला प्रत्येक ठिपका नावाने माहीत होता.

२००३ च्या सार्समधल्या एसटूएमची रचना २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या गटाने स्फटिकावरून काढली होती. सुरेख काटकोनात वळलेली घडी. त्यांना ती घडी रायबोसोमच्या आरएनएतल्या एका वळणासारखी वाटली, म्हणून हा तुकडा पेशीच्या प्रथिनांना फसवून पकडत असेल असा अंदाज त्यांनी मांडला. आम्ही सगळे ते चित्र भिंतीवर लावून कामाला बसलो होतो. आणि कोविडच्या तुकड्याची घडी वेगळी निघाली! वर आकडेमोड म्हणतात त्या दोन अक्षरांनी वरच्या भागाच्या जोड्या बदलल्या होत्या.

हे पहिलं आश्चर्य. दुसरं आलं २०२२ च्या सुरुवातीला. बीए.२ चे क्रम येत होते. सहकाऱ्याने त्याच्या पडद्याकडे बोट दाखवलं. आमच्या तुकड्याच्या जागी आडव्या रेघा होत्या. मला आधी वाटलं, वाचताना गाळलंय. शेपटीकडे वाचन नेहमीच कमकुवत असतं. पण दुसऱ्या देशाचे नमुने, तिसऱ्या देशाचे नमुने, सगळीकडे त्याच सव्वीस रेघा. त्या दिवशी मी घरी आईला फोन केला आणि काय झालं ते तिला सांगता येईना. तीन वर्षं ज्याच्याशी बोलले तो विषाणूने सोडून दिला होता.

शेवंतीताई, तुमच्या विद्यार्थिनीने माझाच प्रश्न विचारलाय.

टिपकागद

@राइनकाठी, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. आई काय म्हणाल्या?

राइनकाठी

"मग आता ते नसताना त्याचं कसं चालतं, ते बघ," म्हणाली. शेवटचं प्रकरण त्यावरच लिहिलं.

आकडेमोड

आईंना दंडवत. नेमका तोच प्रयोग नंतर झाला. अमेरिकेतल्या एका गटाने प्रयोगशाळेत कोविडचा विषाणू एसटूएमशिवाय मुद्दाम बनवला आणि २०२३ मध्ये निकाल छापला. पेशींमध्ये वाढ तितकीच. हॅमस्टरमध्ये आजार तितकाच. म्हणजे निदान या विषाणूत, निदान या परिस्थितीत, तो तुकडा नसला तरी बिघडत नाही.

त्यामुळे माझं स्पष्ट मत : 'जपलेला म्हणजे अत्यावश्यक' हे समीकरणच चुकीचं आहे. सारखेपणाचं साधं कारण नातं असू शकतं. एकाच आजोबांची नातवंडं एकाच नाकाची असतात, नाक अत्यावश्यक त्या आकाराचंच असतं म्हणून नव्हे. वेगळं व्हायला पुरेसा वेळच मिळालेला नसतो.

शेवंती

@आकडेमोड, इथे मी अडते. सार्स आणि कोविडपुरतं तुमचं नाकाचं उदाहरण पटतं. पण अॅस्ट्रोव्हायरस? तो करोनाचा चुलतभाऊसुद्धा नाही. त्यांचे बाकीचे जीनोम शेजारी ठेवले तर एक ओळ जुळत नाही. घोड्यांच्या एका ऱ्हायनायटिस विषाणूतही तो आहे. इतक्या लांबच्या घराण्यांत ४१ पैकी बहुतेक अक्षरं तीच, हे नात्याने होत नाही. हा तुकडा एका विषाणूतून दुसऱ्यात उडी मारून गेला असणार. आणि गेल्यावर नको असता तर तिथे झिजून गेला असता.

आकडेमोड

उडी मारली असणार हे मान्य. मर्सच्या विषाणूत, सर्दीच्या ओसी४३ मध्ये एसटूएम नाहीच, म्हणजे हा काही करोना घराण्याचा मूळ वारसा नाही, मिळवलेली वस्तू आहे. पण 'नको असता तर झिजला असता' यात एक गृहीतक लपलंय. उपयोग विषाणूला असतो की त्या तुकड्याला स्वतःला, हे आधी ठरवावं लागेल. काही जनुकीय तुकडे नुसते स्वतःला पसरवण्यात पटाईत असतात.

गोधडी

माझ्या अडाणी डोक्याला एक सुचलं. आमच्याकडे आजीची पितळी समई आहे. चार घरं बदलली, दर वेळी ती आधी बांधली गेली. कुणी रोज लावत नाही. पाहुणा विचारेल, ही अत्यावश्यक आहे का? नाही. मग का जपली? दिवे गेले की लावतो ना! २००५ च्या पुरात नऊ दिवस वीज नव्हती, तेव्हा तीच होती.

राइनकाठी

@गोधडी, हे अडाणी अजिबात नाही. माझ्या प्रबंधाच्या परीक्षकांनी हेच विचारलं होतं, समईविना.

पेशींची बशी आणि पिंजऱ्यातला हॅमस्टर म्हणजे विषाणूचं सगळं आयुष्य नव्हे. उंदरांच्या एमएचव्ही करोनाविषाणूत २००७ मध्ये शेपटीतला असाच एक मोठा पट्टा कापून पाहिला होता. त्या पट्ट्यात जीजीएएजीएजीसी ही आठ अक्षरं येतात, जी झाडून सगळ्या करोनाविषाणूंत सापडतात. बशीत विषाणू जवळजवळ नेहमीसारखा वाढला. पण उंदरांना दिला तेव्हा त्याची आजार करण्याची ताकद कमी झाली. म्हणजे दिवे असताना फरक नाही, दिवे गेले की फरक.

कोविडमध्ये हॅमस्टरनेही 'फरक नाही' सांगितलं, हे खरं. पण या विषाणूचे पूर्वज वटवाघळांत राहत होते. तिथे हा तुकडा काय करत होता, ते बशी सांगत नाही. माणसात आल्यावर त्याची गरज संपली असेल असं मला मनापासून वाटतं. हे वाटणं आहे, पुरावा नाही.

सुपारी_कात

वटवाघळं म्हणालात म्हणून विचारतो, मग हा विषाणू लॅबमधून

संपादक

@सुपारी_कात, त्या विषयावर तीन धागे आधीच आहेत आणि तिन्ही हजार प्रतिसादांचे आहेत. इथे शेपटीबद्दलच बोलूया. उरलेला प्रतिसाद संपादित केला आहे.

कुक्कुटवैद्य

कोंबड्यांचा उल्लेख झाला आणि मला राहवलं नाही. तीस वर्षं नाशिक-सातारा पट्ट्यात पोल्ट्रीची डॉक्टरकी केली.

माणसांना करोना २०२० मध्ये कळला. आमच्या कोंबड्यांचा करोना, म्हणजे इन्फेक्शियस ब्राँकायटिस, १९३१ पासून लिहिलेला आहे. शेतकरी त्याला आयबी म्हणतो. रात्री शेडमध्ये दिवा न लावता उभं राहायचं आणि ऐकायचं. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये घरघर ऐकू येते, जणू कुणी ओल्या पत्र्यावर वाळू टाकतंय. लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या पक्ष्यात तर अंडं बोलतं. टरफल सुरकुतलेलं, खडबडीत. फोडलं की पांढरं घट्ट राहत नाही, पाण्यासारखं ताटभर पसरतं. मानमोडीत पक्षी पटापट मरतात म्हणून शेतकरी घाबरतो. आयबीत पक्षी जगतो पण अंडी जातात, आणि ते नुकसान त्याला महिन्याने वहीत दिसतं.

आता तुमच्या विषयाचं. याही विषाणूच्या काट्यात सतत बदल होतात. म्हणून मॅसॅच्युसेट्स जातीची लस दिली तरी वेगळ्या जातीचा विषाणू आत शिरतो. लस पाण्यातून देताना क्लोरीनने ती मरू नये म्हणून पाण्यात स्किम्ड दुधाची पावडर घालतात. ती पांढरट बादली ढवळत मी कित्येकदा शेतकऱ्यांना म्हटलंय, "हा विषाणू दर वेळी वेगळा शर्ट घालून येतो, आपण शर्टावरून ओळखतो, म्हणून फसतो." शर्टाखाली जे बदलत नाही त्यावर काही करता येईल का, हा प्रश्न मला कोविडच्या आधीपासून आहे.

चौकसबुवा

"अंडं बोलतं" हे वाक्य लिहून ठेवलं. डॉक्टर, यावर स्वतंत्र धागा काढाच.

टिपकागद

+१

नगरी_मिसळ

कुक्कुटवैद्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तराचा एक धागा आहे, आणि तो कोंबड्यांच्याच विषाणूतून सुरू होतो.

१९८७ मध्ये केंब्रिजमध्ये आयबीच्या विषाणूत एक गोष्ट सापडली. रायबोसोम तीन-तीन अक्षरं वाचत पुढे जातो. एका ठरावीक जागी तो घसरतो आणि एक अक्षर मागे येतो, तिथून पुन्हा तीन-तीन वाचू लागतो. मराठीत करून दाखवतो. ही ओळ घ्या : नमनगरबसत.

सरळ तीन-तीन वाचलं तर नमन, गरब, सत. पुढे वाट बंद.
'नमन' झाल्यावर एक अक्षर मागे घसरलो तर नमन, नगर, बसत. पुढे वाट मोकळी!

कोविडच्या विषाणूत घसरायची जागा १३,४६२ ते १३,४६८, अक्षरं यू यू यू ए ए ए सी. त्याच्या लगेच पुढे आरएनएची तीन दांड्यांची गाठ असते, तिला स्यूडोनॉट म्हणतात. रायबोसोम त्या गाठीवर अडतो, ताण येतो आणि तो मागे सरकतो. २०२१ मध्ये झुरिकच्या गटाने गाठीवर अडलेला रायबोसोम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पकडला. घसरला नाही तर थोड्याच अंतरावर 'थांबा' येतो. विषाणूची नक्कल करणारं यंत्र, पॉलिमरेज, त्या थांब्याच्या पलीकडे लिहिलेलं आहे. म्हणजे घसरणं नाही तर नक्कल नाही, नक्कल नाही तर विषाणू नाही.

आता बघा. २००३ ते २०२० या काळात या गाठीत किती बदल? सार्स आणि कोविडच्या गाठीत एका अक्षराचा फरक. आणि कोविडच्या लाखो वाचलेल्या क्रमांत गाठ शाबूत. एसटूएमसारखी ती कुणी फेकली नाही, कारण फेकणारा पुढच्या पिढीला दिसतच नाही.

नगरकर_पक्का

घसरल्याशिवाय नगर लागत नाही, हे आज विज्ञानाने सिद्ध झालं. प्रतिसाद घरच्या ग्रुपवर पाठवला!

आकडेमोड

@नगरी_मिसळ, सुंदर. हाच फरक मला म्हणायचा होता, मी नाकात अडकलो. एसटूएम जपला गेला आणि गाठही जपली गेली, पण जपण्याची जात वेगळी. आणि जोड्यांचा हिशेब ठेवला तर कधी कधी ती जात ओळखूही येते. आकड्याच्या एका बाजूचं अक्षर बदललं आणि समोरचंही असं बदललं की जोडी टिकली, तर समजावं की आकार कुणीतरी राखतंय. अक्षर बदललं आणि जोडी मोडली, तरी वंश चालूच राहिला, तर समजावं राखण सुटली.

उलट बाजूही सांगतो. बदलाने नेहमी काही मोडतंच असं नाही. २०२० मध्येच २८,८८१ पासूनच्या जी जी जी या तीन अक्षरांचं ए ए सी झालं, आणि त्यातून ए सी जी ए ए सी ही सहा अक्षरांची खूण नवीनच तयार झाली. विषाणू आपले छोटे संदेश कापताना याच खुणेवर थांबतो. म्हणजे एका बदलाने जनुकाच्या मधोमध नवा थांबा उभा राहिला आणि तिथून नवा छोटा संदेश निघू लागला.

आणि २४१ व्या जागी सीचा यू. सुरुवातीच्या भागातल्या पाचव्या आकड्याच्या एका वळणात, खूप जपलेल्या जागी. तो २०२० च्या सुरुवातीला स्पाइकमधल्या डी६१४जी या बदलासोबत जगभर गेला. स्वतःच्या बळावर गेला की जोडीदाराच्या बळावर, हे वेगळं काढणं कठीण. बीए.२ मधल्या त्या सव्वीस अक्षरांच्या गळतीलाही माझ्या मते स्पाइकनेच खांद्यावर बसवून जत्रा दाखवली.

अमरावतीचा_वारा

जपलेल्या जागांचा एक रोजचा उपयोग आमच्या लॅबनेही पाहिला. आरटीपीसीआरचे प्रायमर, म्हणजे विषाणूच्या ओळीला जुळून चिकटणारे छोटे तुकडे, अशाच जागी बसवतात जिथे बदल कमी. तरी एकाच जागेवर कधी विसंबत नाहीत, दोन-तीन जनुकं एकत्र पाहतात. अल्फात स्पाइकची दोन अक्षरं, म्हणजे प्रथिनातले ६९ आणि ७० हे दुवे, गळले होते. काही किटमध्ये स्पाइकची रेघ वर चढायचीच नाही, बाकीच्या दोन चढायच्या. आधी वाटायचं किट खराब. मग त्या न चढणाऱ्या रेघेवरूनच अल्फा ओळखू लागले. न आलेली रेघसुद्धा वाचायची असते, हे मी तेव्हा शिकलो.

आकडेमोड

बारीक दुरुस्ती : प्रथिनातले दोन दुवे म्हणजे आरएनएची सहा अक्षरं. बाकी शंभर टक्के सहमत.

अमरावतीचा_वारा

बरोबर, सहा. धन्यवाद.

खडीसाखर

मग औषधाचं काय? मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला.

नगरी_मिसळ

गाठीवर प्रयत्न झालेत. मेराफ्लॉक्सॅसिन नावाचं एक संयुग घसरणं कमी करतं आणि पेशींमध्ये विषाणूची वाढ रोखतं, असं २०२१ मध्ये छापून आलं. दवाखान्यात द्यायचं औषध त्यातून अजून झालेलं नाही. अडचण अशी की आरएनएची गाठ म्हणजे प्रथिनासारखी खोल खोबणी नव्हे, रेणूला धरायला जागा कमी. तरी मी पैसे गाठीवर लावीन.

राइनकाठी

एसटूएमवरही लावले होते लोकांनी. त्याला जुळणारे उलटे तुकडे बनवून विषाणू अडवायचा. पेशींत ते चाललेही. आज फिरणाऱ्या विषाणूत लक्ष्यच नाही. म्हणून माझी एकच कळकळीची विनंती, लक्ष्य निवडण्याआधी कुणीतरी तो भाग कापून विषाणू जगतो का ते बघावं. आम्ही जपलेला आहे या एका शब्दावर धावलो होतो.

पण ती तीन वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. अॅस्ट्रोव्हायरसमध्ये तो अजून आहे. कुक्कुटवैद्य काका, तुमच्या कोंबड्यांतही आहे.

कुक्कुटवैद्य

आहे ना, पोरी. ये कधी इकडे सुट्टीवर, शेडवर नेतो. घरघर ऐकवतो.

राइनकाठी

येते काका. डिसेंबरमध्ये.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात पुन्हा हा विषय घेतला, काय झालं ते सांगते.

फळ्यावर ती ४१ अक्षरं लिहिली :

यूयूसीएसी सीजीएजीजी सीसीएसीजी सीजीजीएजी यूएसीजीए यूसीजीएजी यूजीयूएसी एजीयूजीए ए

पहिली पाच आणि शेवटची पाच कशी जुळतात ते मुलांनी खडूने जोडलं. पाचवं अक्षर सार्समध्ये यू होतं, समोर जी. यू आणि जीची जोडी लागते पण सैल. कोविडमध्ये तिथे सी आला आणि जोडी घट्ट झाली. आकडेमोड यांचा जोड्यांचा हिशेब असा हाताने दाखवता आला. मग प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या हातात डस्टर दिलं आणि सातव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत पुसायला सांगितलं. तिने मोजून पुसलं. उरली पंधरा :

यूयूसीएसी सी यूएसीए जीयूजीएए

ती जागेवर जायला निघाली आणि मधेच थांबली. परत येऊन तिने पहिल्या पाचांवरून शेवटच्या पाचांवर रेघा ओढल्या. पाचही जोड्या शाबूत! मधे फक्त पाच अक्षरांचं वळण. म्हणजे निदान कागदावर तरी, सव्वीस अक्षरं जाऊनही तळाचा छोटा आकडा तसाच उभा राहू शकतो. हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं.

"मॅडम, हा चुकून उरलाय की ठेवलाय?" तिने विचारलं.

राइनकाठी, हा प्रश्न तुमच्याकडे पाठवते आहे.

राइनकाठी

तिला सांगा, तिचा प्रश्न वहीत लिहून घेतला आहे. आणि तिला माझा ईमेल हवा असेल तर मला व्यनि करा.